गट नंबर ११८ मधील ओढ्याची दरड

मी, धम्मपाल कडुबा हिवराळे, वय ६८ वर्षे, पूर्वी पोकलेन मशीनवर ऑपरेटर, सध्या धंदा शेती, राहणार चितेगाव, ता. पैठण, जि. छत्रपती संभाजीनगर, हे मृत्युपत्र माझ्या राहत्या घरी, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. येत्या मंगळवारी माझ्या हृदयाची झडप बदलण्याचे ऑपरेशन आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काळजी करू नका. पण कागदावर माझी सही घेताना त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. माझी बुद्धी शाबूत आहे. माझा चुलतभाऊ कचरू मला पाखरांपायी वेड लागल्याचे गावभर सांगतो, म्हणून डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. हे मी कोणाच्या दबावाखाली लिहीत नाही. घाईत मात्र लिहीत आहे. कारण पुढे येईल.

१. माझी पत्नी भामाबाई चार वर्षांपूर्वी वारली. मुलगी विशाखा करमाडला शिक्षिका आहे. मुलगा प्रणय शेंद्र्याच्या एका कंपनीत कामाला असून माझ्याजवळ राहतो. हे दोघेच माझे वारस. खालील सर्व मिळकत मी स्वतःच्या कमाईतून घेतली आहे, तिच्यात वडिलोपार्जित काही नाही. म्हणून ती कोणाला कशी द्यायची हे ठरवण्याचा हक्क फक्त माझा आहे.

२. राहते घर प्रणयला द्यावे. मागच्या खोलीतली त्याच्या आईची पत्र्याची पेटी विशाखाची आहे. पेटी उघडून आतल्या लुगड्यांची वाटणी करत बसू नये.

३. बँकेत जे असेल ते दोघांनी निम्मे निम्मे घ्यावे. भांडण व्हावे इतके ते नाही.

४. शेत, गट नंबर ११८, दोन एकर. यातील ओढ्याच्या काठाची सात गुंठ्यांची पट्टी, म्हणजे उभी दरड आणि तिच्या माथ्यावरची बाभळीची रांग, विशाखाला द्यावी. बाकी सर्व शेत प्रणयला. मोजणीचा नकाशा जोडला आहे. दरडीची माती विकू नये, काढू नये, भरावाला किंवा वीटभट्टीला देऊ नये. मार्च ते जून तिथे ढोरे, कुत्री आणि मोबाइल घेऊन फोटो काढणारे जाऊ देऊ नयेत.

अशी अट का घातली हे माझ्या मुलांनाही पुरते माहीत नाही, म्हणून इथे लिहून ठेवतो.

सन २०११ च्या मे महिन्यात मी एका ठेकेदाराच्या पोकलेनवर होतो. याच ओढ्याच्या खालच्या अंगाला मऊ, रेताड मातीची लांब दरड होती. प्लॉटिंगच्या भरावासाठी ती तोडायची होती. दरडीत बिळे दिसत होती आणि वर हिरवी, निळ्या शेपटीची पाखरे घिरट्या घालत होती. आपल्या तारेवर बसणाऱ्या वेड्या राघूसारखीच, पण अंगाने मोठी. मला वाटले, मशीनचा आवाज झाला की उडून जातील. मी बकेट घातली. माती खाली आली तेव्हा तिच्यात पांढरी अंडी होती, आणि पंख न फुटलेली पिल्ले. मी मशीन थांबवले. ठेकेदाराचा माणूस ओरडला, "हिवराळे, टिपर उभं हाय." मी पुन्हा सुरू केले. दिवसभर ती पाखरे चोचीत चतुर धरून यायची आणि जिथे बीळ होते त्या जागी, मोकळ्या हवेत, पंख मारत थांबायची. दरड मागे सरकली होती. त्यांना ते कळत नव्हते.

दुपारी भामाबाई भाकर घेऊन आली. ती काठावर उभी राहून बराच वेळ पाहत होती. मग म्हणाली, "तुमी इचारलं का कुणाला, हे कुणाचं घर हाय म्हून?" मी म्हणालो, "मला काम सांगितलं, मी केलं." तिने भाकर ठेवली आणि गेली. त्या भाकरीला मी हात लावला नाही. पण पाळी पूर्ण केली. हे मी लपवत नाही.

पुढची दोन वर्षे एकही पाखरू आले नाही. तिसऱ्या वर्षी मार्चअखेर अकरा आली आणि माझ्या शेतातल्या दरडीत बिळे कोरू लागली. भामाबाईने मला हाताला धरून नेऊन दाखवले. त्या महिन्यातच मी मशीन सोडले. तेव्हापासून दर चैत्रात आम्ही दोघे, आणि ती गेल्यावर मी एकटा, बाभळीखाली बसून त्यांची वाट पाहतो. यंदा ती २७ मार्चला आली. आज रोजी चौसष्ट बिळे आहेत, बहुतेकांत अंडी आहेत. पिल्ले उडायला जूनचा मध्य उजाडेल.

५. कचरूला माझ्या मिळकतीतून काहीही देऊ नये. तो माती पुरवण्याचा धंदा करतो. गेल्या वर्षी एप्रिलमध्ये मी पैठणला गेलो आहे असे समजून त्याने दरडीवर जेसीबी आणला. मी घरीच होतो. जाऊन बकेटसमोर उभा राहिलो. मशीनवर मुनीब होता, माझा मित्र इब्राहीम शेख याचा मुलगा. त्याला मशीन चालवायला मीच शिकवले.

तो म्हणाला, "चाचा, बाजूला व्हा. मला रोजी हाय."

मी म्हणालो, "मला बी होती. त्या दिवशी मी थांबलो नाय. तू बघ तुझं."

कचरू मागून म्हणाला, "दाब रे पुढं, सरकतंय म्हातारं." बकेट माझ्या छातीपासून हातभर अंतरावर होती. मुनीबने किल्ली फिरवली आणि मशीन बंद केले. खाली उतरून तो पायीच गावाकडे गेला. कचरूने त्याला पुन्हा कामावर घेतले नाही. आता तो लोकांच्या विहिरींवर मिळेल ते काम करतो. म्हणून माझी मोटारसायकल, पान्यांची पेटी आणि ग्रीस गन मुनीबला द्यावी. हे बक्षीस नव्हे. त्याची ती रोजी माझ्या शब्दामुळे गेली.

६. आता घाईचे कारण. काल सकाळी मी ओसरीत होतो. प्रणय अंगणात कचरूशी फोनवर बोलत होता. मी ऐकलेले शब्द असे: "काका, मंगळवारी बाबा दवाखान्यात जातील. आठ-दहा दिवस तरी तिथंच. तेवढ्यात उरकून घ्या. एकदा दरड गेली की तेबी सुटतील यातून, आन् मीबी."

मृत्युपत्र मेल्यावर चालते. मंगळवारी मी मेलेला नसेन, नुसता बेशुद्ध असेन, आणि तेवढे त्यांना पुरेसे आहे. हे ध्यानात आले तेव्हा मी कागद बाजूला ठेवला आणि इब्राहीमकडे गेलो. त्याने आपली ट्रॉली ओढ्याच्या वाटेवर आडवी लावून चाके काढून ठेवायचे कबूल केले. विशाखाने शाळेतून रजा घेतली आहे. ती दवाखान्यात येणार नाही, दरडीवर बसेल. ती फोनवर रडली. म्हणाली, "बाबा, तुम्हाला आत नेताना आपलं कुणीच नको का बाहेर?" मी म्हणालो, "मला डॉक्टर आहेत."

७. माझी दुर्बीण विशाखाची. शाळेतल्या मुलांना खुशाल हाताळू द्यावी.

८. माझा अंत्यविधी बौद्ध पद्धतीने करावा. त्रिसरण-पंचशील म्हणावे. बँड, फटाके नकोत. जून संपायच्या आत गेलो तर चिता ओढ्याकडे रचू नये, त्या बाजूला धूर जातो.

९. हे कलम मी लिहिणार नव्हतो. वरचे लिहून होत होते तेव्हा प्रणय कामावरून आला. साक्षीदार आलेले पाहून त्याने कागद मागितला. मी दिला. त्याने उभ्यानेच वाचला. सहाव्या कलमावर तो थांबला. इब्राहीम आणि शेजारच्या चंपाबाई खोलीत होते.

मग तो म्हणाला, "दोन हजार अकरापासून तुम्ही मला एकदा तरी सांगितलं का हे? मला वाटायचं, आईची आठवण येते म्हणून तुम्ही तिथं जाऊन बसता. डॉक्टर म्हणाले, उन्हात बसू देऊ नका. तुम्ही ऐकत नाही. मला वाटलं, दरडच गेली तर घरी बसाल."

मी विचारले, "कचरूला शब्द दिलास?"

"दिला."

"कागद केला?"

त्याने मान डोलावली. म्हणजे केला. मी त्याला म्हणालो, तुला घर आणि शेत मिळते ते यामुळे कमी होणार नाही. मी एकही कलम बदलणार नाही, तुझ्या विरोधातही नाही. तो बाहेर गेला. गाडी सुरू केल्याचा आवाज आला आणि चितेगावच्या चौकाकडे, कचरूच्या घराच्या दिशेने गेला. तो काय करायला गेला आहे हे मला माहीत नाही. साक्षीदार थांबले आहेत, म्हणून सही करतो.

१०. या मृत्युपत्राची अंमलबजावणी विशाखाने करावी. यापूर्वी मी दुसरे मृत्युपत्र केलेले नाही. वरील मजकूर मी पुन्हा वाचला. त्यात खोटे काही नाही, आणि जे माझ्या अंगावर येते तेही गाळलेले नाही.

ठिकाण: चितेगाव
दिनांक: २४ एप्रिल २०२५

(सही) धम्मपाल कडुबा हिवराळे

धम्मपाल हिवराळे यांनी आम्हा दोघांसमक्ष सही केली व आम्ही त्यांच्यासमक्ष केली.

साक्षीदार:
१. (सही) इब्राहीम शेख, राहणार चितेगाव
२. (डाव्या हाताचा अंगठा) चंपाबाई दाभाडे, राहणार चितेगाव

सह्या झाल्यावर तासाभराने प्रणय परत आला. त्याच्या ओठाला लागलेले होते. त्याने करारनाम्याची प्रत टेबलावर ठेवली. मधोमध फाडलेली होती. मग पेन मागून खालील ओळी स्वतः लिहिल्या. त्या मृत्युपत्राचा भाग नाहीत, पण तशाच राहू द्याव्यात. (सही) ध. क. हिवराळे

"मी हे मृत्युपत्र वाचले. दरडीची वाटणी मला पटलेली नाही आणि मी ते पुढेही बोलणार. मंगळवारी विशाखाने दवाखान्यात थांबावे. दरडीवर मी बसतो. प्रणय धम्मपाल हिवराळे."