अस्वलाची घट्ट चावी

मखमलाबाद, ४ जानेवारी १९९७
चि. नाथास लंकाआक्काचे अनेक आशीर्वाद.
तुझ्या दाजींना झटका येऊन दोन महिने झाले. पाय सावरला, उजवा हात लोंबतोच. डॉक्टरांनी दाबायला रबरी चेंडू दिला, तो ह्यांनी विहिरीत टाकला. दुसरा आणला, तोही टाकला. आता दोन्ही तरंगतात. गुलाबाचा मळा वाट्याने देऊन टाका म्हणतात. माझ्याशी भांडतसुद्धा नाहीत, याची भीती वाटते.
एस.टी.ने खोकं पाठवलंय. ह्यांनी देवळालीच्या मेहराबाईंना तीस वर्षं फुलं पुरवली. बंगला सोडताना त्यांनी हे दिलं. काचेच्या पेटीत टोपीवालं अस्वल ढोल वाजवतं, झगा घातलेला कुत्रा दोन पायांवर नाचतो, खालून परदेशी गाणं. शंभर वर्षांचं आहे, पण सात वर्षं बंद. तू घड्याळं दुरुस्त करतोस, तर बघ. घरात कुणीतरी नाचलेलं बरं.
मायेने उत्तर धाड.
तुझी आक्का

त्र्यंबकेश्वर, २६ जानेवारी
ती. सौ. आक्कास शि. सा. नमस्कार.
अस्वल बरं आहे. कमान तुटली होती, भिंतीवरच्या जुन्या घड्याळाची बसवली. दुकानातले यात्रेकरू कुत्राच बघत बसतात. एकाने तर हात जोडले.
चावी मुद्दाम घट्ट ठेवली आहे. पेटी दाजींच्या खाटेच्या उजव्या अंगाला कोनाड्यात ठेव. डावा हात तिथे पोचत नाही. चावी तू फिरवायची नाहीस. तेलही घालू नकोस.
आशीर्वाद असू द्यावा.
तुझा नाथा

मखमलाबाद, ९ मार्च
चि. नाथास आशीर्वाद.
पहिल्या दिवशी ह्यांनी तुला शिव्या दिल्या. इतक्या दिवसांनी शिव्या ऐकून बरं वाटलं. आठव्या दिवशी चावी अर्धी फिरली. ढोलावर एक टोला पडला आणि कुत्रा एक पाय वर करून थांबला. दोन दिवस तसाच. ह्यांना ते बघवेना. म्हणाले, त्याचा पाय तरी खाली येऊ दे. काल आला. मी चुलीपाशी जाऊन रडून घेतलं.
तुझ्या लेकीला, पूजाला, आणि तुला खूप माया.
आक्का

मखमलाबाद, १५ ऑक्टोबर
चि. नाथास मोतीरामचा आशीर्वाद.
अक्षर वाकडं आहे, पण माझं आहे. तुझी लबाडी तुझ्या आक्काने सांगितली. ते नंतर बघू.
सध्या गुलाबाची छाटणी चालू आहे, मी दिवसभर मळ्यात असतो. तुझ्या बहिणीला गाणं ऐकायचं असतं आणि तिच्याने चावी फिरत नाही. मग मला बांधावरून हाक मारते. आज सहा वेळा घरी आलो. येऊन चावी सैल कर.
मुक्कामालाच ये.
तुझा दाजी