इस्त्रीच्या खोलीतील हजेरी धरण्याबाबत

प्रति,
माननीय प्रवासी अभिप्राय अधिकारी,
समुद्रपर्यटन कंपनी, मुख्य कार्यालय,
दुसरा मजला, बंदर मार्ग.

विषय: जहाजावर औपचारिक पोशाखाची संध्याकाळ चालू ठेवावी किंवा कसे, या चौकशीत माझ्या दिवंगत वडिलांच्या नावे नोंदलेले 'नको' हे उत्तर रद्द करून 'हवी' असे नोंदवण्याबाबत.

संदर्भ: १) आपले चौकशीपत्र व त्यामागून आलेली स्मरणपत्रे.
२) आपले अंतिम पत्र, ज्यात वडील स्नानगृहात असल्याचा उल्लेख आहे.
३) आपल्या कार्यालयातील बाईंचे वेळोवेळी आलेले दूरध्वनी.

महोदय,

वरील विषयी अर्जदार खालीलप्रमाणे निवेदन करते.

१. आपण ज्या संध्याकाळबाबत मत मागवले आहे, ती आमच्या सफरीची शेवटची संध्याकाळ होती. सफरीत आम्ही तिघे होतो: वडील, त्यांची थोरली बहीण म्हणजे माझी आत्या, आणि मी. आई गेल्यापासून आत्या आमच्याकडेच असते. दुसऱ्या दिवशी आम्ही घरी परतलो आणि त्याच्या पुढच्या सकाळी वडिलांचे झोपेत निधन झाले. परतीचा दिवस सामान मोजण्यात आणि आत्याचा चष्मा शोधण्यात गेला, तो मी धरत नाही. शेवटचा नेहमीसारखा दिवस म्हणजे जहाजावरचाच. त्या दिवशी वडिलांनी नाश्त्याच्या रांगेत दुसऱ्यांदा उभे राहून आपल्याला कोणी ओळखले नाही असा समज करून घेतला, आत्याने समुद्राला नावे ठेवली आणि मी पुस्तक वाचले. सांगण्यासारखे काही घडत नव्हते.

२. वडील सगळी नोकरी एका शीतगृहात पर्यवेक्षक होते. तिथे आत जाताना जाड कापूसभरला अंगरखा गळ्यापर्यंत बंद करावा लागतो. तरीही ते रोज कडक इस्त्रीचा शर्ट घालून जात. आत कोण बघतंय, असे आत्या विचारी. मी बघतो ना, असे ते म्हणत; पण अंगरखा बंद असल्यामुळे तेही बघू शकत नसत. निवृत्तीनंतर आपले माहितीपत्रक घरी आले. त्यात 'शेवटच्या संध्याकाळी औपचारिक पोशाख आवश्यक' असे छापले होते. इतर कंपन्यांची पत्रके स्वस्त होती, त्यांत समुद्रही तोच होता. वडिलांनी आपली कंपनी निवडली ती 'आवश्यक' या एका शब्दासाठी. काळा सूट, पांढरा शर्ट आणि गळ्याला बांधायचा बो अशी खरेदी झाली. बो बांधायला ते आठवडाभर शिकत होते. पँटच्या कडा मी शिवल्या. ही बाब पुढे पुरावा म्हणून येईल.

३. आपल्या नियमानुसार केबिनमध्ये इस्त्री नेण्यास मनाई आहे. हे योग्यच आहे. त्याऐवजी प्रत्येक मजल्यावर इस्त्रीची एक खोली ठेवली आहे. आमच्या मजल्यावरच्या खोलीत टेबले दोन होती आणि इस्त्र्याही दोन, पैकी एकीच्या गळ्यात 'दुरुस्ती चालू' अशी पाटी होती. वडील दुपारीच तिथे गेले. ते फार सावकाश इस्त्री करतात. करत. एक बाही झाली की मागच्या माणसाशी बोलत, मग ती बाही पुन्हा निवांतपणे तपासत. संध्याकाळपर्यंत रांग मार्गिकेत वळून बर्फाच्या मशीनपर्यंत गेली होती. रांगेतली मंडळी आपापल्या तयारीच्या टप्प्यावर होती. कुणी वरून तयार, कुणी खालून. प्रवाशांनी वडिलांना 'अध्यक्ष' म्हणायला सुरुवात केली होती. आधी हे रागाने होते, नंतर ते नाव पडले.

४. अध्यक्षांच्या मागे एक सेवानिवृत्त न्यायाधीश उभे होते. अंगात शर्ट, गळ्यात बो, कमरेला टॉवेल आणि हातावर पँट. द्या इकडे, माझी तापलेली आहे, असे म्हणून वडिलांनी ती पँट टेबलावर घेतली आणि बोलण्याच्या ओघात शीतगृहाचे मॅनेजर एकदा गोठलेल्या दाराआड अडकले होते ती हकीकत सांगायला सुरुवात केली. ही हकीकत मला पाठ आहे. तिच्यात मॅनेजर आतून दार बडवतात, त्या जागी वडिलांना दोन्ही हात लागतात. इस्त्री पँटवर राहिली.

धूर दिसला. न्यायाधीशांनी पँटवरचा त्रिकोण पाहिला, वडिलांकडे पाहिले आणि विचारले, "पण मॅनेजर सुटले का?"

वडिलांनी हकीकत पूर्ण केली. मग स्वतःची पँट उतरवून न्यायाधीशांना दिली. न्यायाधीश उंच आणि पोटाने भारदस्त. पँट घोट्याच्या वर राहिली, बटण लागेना. रांगेतल्या एका दंतवैद्य बाईंनी, जराही दुखणार नाही, असे सांगत तिथे सेफ्टी पिन लावली. न्यायाधीश भोजनगृहाकडे रवाना झाले. वडिलांकडे केबिनमधला पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा उरला. तो घालून भोजनगृहात जायला आपल्या नियमाची आडकाठी होती आणि वडिलांचा नियमावर विश्वास होता. ते पुन्हा इस्त्रीला लागले.

५. या काळात मी आणि आत्या भोजनगृहात तिघांच्या टेबलावर बसलो होतो. सूप निवले. आत्याने वडिलांच्या वाटणीचा पाव खाल्ला. तेवढ्यात शेजारून एक गृहस्थ गेले. गृहस्थ अनोळखी होते, पण पँट मी ओळखली. कडांचे टाके माझे होते. मी त्यांना थांबवून हे सांगितले. एखाद्या बाईने आपली पँट अशी ओळखणे त्यांना अवघड वाटले असावे. तरी त्यांनी सगळे सरळ सांगितले. मी आणि आत्या इस्त्रीच्या खोलीकडे निघालो.

६. तिथले दृश्य आपल्या अभिप्राय विभागाने पाहायला हवे होते, म्हणून लिहिते. कपडे करून झालेली माणसे भोजनगृहाकडे न जाता ते दाखवायला परत खोलीत येत होती. दंतवैद्य बाई हिरव्या गाऊनमध्ये, न चालणाऱ्या इस्त्रीच्या टेबलावर बसल्या होत्या. कुणीतरी वेटरला गाठून पावाची टोपली मागवली होती. मध्यभागी वडील: वर काळा कोट आणि सरळ बांधलेला बो, खाली पायजमा. आत्याने त्यांना आपादमस्तक न्याहाळले आणि म्हणाली, "वरून नवरदेव, खालून पेशंट." खोली हसली. वडील सगळ्यांत जास्त हसले.

जेवण निवतंय, असे मी म्हटले. त्यावर ते म्हणाले, "अगं, जेवण रोजच असतं. एवढी माणसं एका खोलीत अर्धवट कपड्यांत रोज थोडीच भेटतात?"

आपल्या चौकशीला वडिलांनी दिलेले उत्तर मी हेच मानते. नंतर त्यांनी माझ्या गळ्यातल्या स्कार्फकडे बोट दाखवले आणि म्हणाले, दे इकडे, सुरकुतलाय. तो सुरकुतलेला नव्हता. मी दिला.

७. आता दूरध्वनींविषयी. 'निधन' हा शब्द मला लिहिता येतो, हे आपण वर पाहिलेच आहे. बँकेला, वीज कंपनीला, निवृत्तिवेतन कार्यालयाला मी तो लिहिला. नातेवाइकांना तोंडी सगळे आत्याने कळवले. मग एके दिवशी आपल्या कार्यालयातून बाईंचा दूरध्वनी आला. बाई सर्दीने बेजार होत्या. साहेब आहेत का, असे त्यांनी इतक्या सहज विचारले की मी म्हणाले, अंघोळीला गेलेत. बरं, करते पुन्हा, असे म्हणून त्यांनी फोन ठेवला. त्या दिवशी मला जरा बरे वाटले.

बाईंनी पुन्हा केला. वडील पुन्हा अंघोळीला होते. पुढच्या खेपेस बाईंनी काळजीने विचारले की गार पाण्याने तर करत नाहीत ना, या वयात बाधतं. मी पाणी गरम असल्याचे सांगितले. त्यांच्या सर्दीसाठी वाफ घ्या असेही सुचवले. त्यानंतर वडील एकदा खाली गेले होते, एकदा झोपले होते, एकदा इस्त्री करत होते, बाकी अंघोळच. प्रत्येक वेळी आत्या स्वयंपाकघरातून ऐकत असे. मागच्या आठवड्यात ती हात पुसत बाहेर आली आणि म्हणाली, "पुरे आता. किती अंघोळी घालशील त्याला?"

बाईंनी माझ्या सांगण्यावरून जे नोंदले, त्यात त्यांची काहीही चूक नाही.

८. यानंतर आपले अंतिम पत्र आले. त्यातील मजकूर असा: 'संबंधित प्रवासी त्या संध्याकाळी भोजनगृहात गैरहजर होते. तसेच वारंवार संपर्क साधूनही ते स्नानगृहात असल्याचे आढळून आले. सबब औपचारिक पोशाखात त्यांना स्वारस्य नसल्याचे गृहीत धरून त्यांचे उत्तर नको असे नोंदवण्यात येत आहे.'

या निष्कर्षास माझी नम्र हरकत आहे. पहिली गोष्ट, जो माणूस इतक्या वेळा अंघोळ करतो तो कुठेतरी जाण्याच्या तयारीत आहे, असा अर्थ काढणे अधिक रास्त झाले असते. दुसरी गोष्ट, गैरहजेरीची. भोजनगृहात जे आले नाहीत त्यांना ही संध्याकाळ नको होती, असा आपला हिशेब दिसतो. पण आमच्या मजल्यावरचे कितीतरी लोक आले नाहीत ते ही संध्याकाळ त्यांना आधीच मिळाली होती म्हणून. ती इस्त्रीच्या खोलीत होती. तिथे हजेरी घ्यायला कोणी नव्हते, हा वडिलांचा दोष नव्हे.

तिसरी गोष्ट मांडायला मला संकोच वाटतो, परंतु वकिलाचा सल्ला घेतलेला नसल्याने मांडते. वडिलांची पँट त्या रात्री भोजनगृहात सुरुवातीपासून शेवटपर्यंत हजर होती. तिने सूप, मुख्य जेवण आणि गोड पदार्थ या तिन्ही वेळा हजेरी लावली आणि न्यायाधीशांच्या म्हणण्यानुसार एकदा नाचातही भाग घेतला. म्हणजे कमरेखाली वडील आपल्या नियमाप्रमाणे औपचारिक पोशाखात भोजनगृहात होते, आणि कमरेवर ते औपचारिक पोशाखात इस्त्रीच्या खोलीत होते. दोन्ही अर्धे जुळवले तर एक पूर्ण प्रवासी होतो. न्यायाधीशांनी तसे लेखी दिले आहे. पँट परत पाठवू का, असेही त्यांनी विचारले. त्यांच्याकडेच असू द्या, असे मी कळवले आहे.

९. माझ्याविषयी गैरसमज नको म्हणून नमूद करते की, मी स्वतः आपल्या चौकशीपत्रावर 'नको' अशी खूण केली होती आणि ती बदलण्याचा माझा विचार नाही. मला टाचांचे बूट चावतात, आणि मोठ्या टेबलावर अनोळखी माणसांशी हवामानाबद्दल बोलण्यापेक्षा मला पुस्तक बरे वाटते. आत्याने दोन्ही चौकटींत खुणा केल्या आहेत. तिचे मत आपण कसे धरावे हे तिलाही माहीत नाही. म्हणजे आमच्या घरातून ठाम 'हवी' एकच होते. तेही आपण 'नको'मध्ये घातले. बाकी कागदांवर वडिलांच्या नावापुढे आता काय लिहिले जाते ते मला कळते, त्याविरुद्ध अर्ज चालत नाही. याविरुद्ध चालतो, म्हणून करते आहे.

तरी विनंती की:

अ) वडिलांच्या नावापुढील 'नको' खोडून तेथे 'हवी' असे लिहावे, व खोडल्याजागी जबाबदार अधिकाऱ्याची सही असावी.

ब) ही संध्याकाळ चालू राहिल्यास इस्त्रीच्या खोलीतील प्रवाशांची हजेरी धरण्यात यावी.

क) कोणताही निर्णय झाला तरी आमच्या मजल्यावरची दुसरी इस्त्री दुरुस्त करण्याची घाई करू नये. दोन्ही चालल्या असत्या तर रांग लागली नसती.

आपल्या शिक्क्याच्या पोचेची वाट पाहते.

आपली नम्र,
(सही)
अर्जदार, वर उल्लेखिलेल्या प्रवाशाची मुलगी
दिनांक: पोचेच्या शिक्क्याप्रमाणे

सोबत: १) मृत्यूच्या दाखल्याची प्रत. २) सेवानिवृत्त न्यायाधीशांचे निवेदन, पँटसंबंधी. ३) दंतवैद्य बाईंनी काढलेले छायाचित्र, त्यात पायजमा दिसतो, त्याबद्दल क्षमस्व.

ता. क. अर्ज पाकिटात घालत असताना आपल्या कार्यालयातील बाईंचा दूरध्वनी आला. सर्दी बरी झालेली दिसली. अंतिम पत्र गेले असले तरी नोंदी अजून बंद झालेल्या नाहीत, साहेब माझ्याशी दोन शब्द बोलले तर मी 'नको' काढून टाकते, असे त्या आपणहून म्हणाल्या. हे त्यांच्याविरुद्ध धरू नये. मग हसून त्यांनी विचारले की, आहेत कुठे, अंघोळीलाच का? स्वयंपाकघरात आत्याने गॅस बारीक केला. मी म्हणाले, "नाही हो. बाबा वारले."