सहावी माळ

सोमवार, १ डिसेंबर

आलो एकदाचा! सामान म्हणजे दोन ट्रंका, शेगडी, गादी, सुभद्रेची शिलाई मशीन आणि मी. टेम्पोवाला विचारत होता, काका, बाकीचं कुठाय? डिलाईल रोडची चाळ पाडायला काढल्यावर शेजारीपाजारी ठाण्याला, डोंबिवलीला गेले. मी मात्र दादरला, कीर्ती कॉलेजच्या मागच्या गल्लीत, तळमजल्यावरची पार समुद्राकडची खोली धरली. लेक अनुजा दुबईहून फोनवर ओरडली, की बाबा, दमट हवेने गुडघे धरतील. धरू देत.

मागचं दार उघडलं की छोटा व्हरांडा, आणि तिथून वाळूत उतरायला दगडी पायऱ्या. खालून वर मोजल्या, अकरा आहेत. रविवारी आम्ही नवरा-बायको चौपाटीवर आलो की सुभद्रा याच इमारतीकडे बोट दाखवून म्हणायची, इथे राहणाऱ्यांना भाजी करपली तरी राग येत नसेल. चाळीस वर्षं तिने ते म्हटलं आणि चाळीस वर्षं मी हसण्यावारी नेलं. सप्टेंबरात ती गेली, आणि आता घर मिळालं. असो, आज रडायचं नाही असं ठरवलंय.

ही वही शाळेने निवृत्तीला दिली. गिरणी बंद पडल्यावर चोवीस वर्षं मी भोईवाड्यातल्या एका शाळेत घंटा दिली, आणि एकदाही मिनिटभर चुकलो नाही. म्हणून इथेही सगळं वेळेवर टिपणार.

गुरुवार, ४ डिसेंबर

दत्तजयंती, पौर्णिमा, म्हणजे उधाण. सकाळी सव्वाअकराला लाटा पाचव्या पायरीवर आपटत होत्या, आणि संध्याकाळी सव्वापाचला समुद्र इतका लांब गेला की खाली खडकांचं अख्खं गाव उघडं पडलं. पोरांनी ओल्या वाळूत क्रिकेट मांडलं. बायका शिंपल्या वेचत होत्या, कॉलेजची जोडपी खडकावर लांब जाऊन बसली होती. जिथे सकाळी दोन पुरुष पाणी होतं तिथे संध्याकाळी भेळवाला उभा!

शेजारच्या अंबिकाबाईंना मी दोन्ही वेळा आदल्या दिवशीच सांगून ठेवल्या होत्या. वडिलांनी मालवणात शिकवलेला हिशेब आहे. तिथीची पाऊणपट करायची, की भरतीची वेळ मिळते. पुढे सहा तासांनी ओहोटीचं टोक. पौर्णिमा पंधरावी, पंधरा पाऊणे सव्वाअकरा. अंबिकाबाई पदराआड हसल्या. साठ वर्षं मासळी विकलेल्या बाईला मी भरती शिकवत होतो. पण वेळ बरोबर निघाल्यावर म्हणाल्या, की मास्तर हुशार आहेत. मी मास्तर नव्हतो, शिपाई होतो, पण दुरुस्ती केली नाही.

सुभद्रेच्या अस्थीही याच किनाऱ्यावर, याच हिशेबाने सोडल्या. वडील सांगायचे, की अस्थी ओहोटीला सोडाव्यात, समुद्र घेऊन जातो. भरतीला सोडलं तर माणूस किनाऱ्यावरच अडकतं. आयुष्यात तिच्यासाठी फार काही केलं नाही, पण ते एक काम वेळेवर केलं.

शनिवार, ६ डिसेंबर

चैत्यभूमीला आलेल्या माणसांनी गल्ली फुलून गेली आहे. दोन कळश्या पाणी भरून दारात ठेवलं. लातूरकडची एक म्हातारी व्हरांड्यात तासभर टेकली, जाताना आशीर्वाद देऊन गेली. बरं वाटलं.

दुपारच्या भरतीनंतर मागच्या पायऱ्यांवर ओली पावलं दिसली, सातव्या पायरीपर्यंत. पाणी तर पाचव्याच्या वर आलं नव्हतं. एवढी माणसं आहेत, कुणी पाय धुवायला उतरलं असेल. फक्त पावलं वर येणारी होती, खाली उतरणारी नव्हती.

शुक्रवार, १२ डिसेंबर

कृष्ण अष्टमी. भांगाचे दिवस, समुद्र ना धड पुढे येतो ना मागे जातो. पायऱ्या कोरड्या. आज वालाची उसळ केली आणि चक्क जमली. सुभद्रेने खाल्ली असती तर म्हणाली असती, मीठ विकत मिळता अजून, घालूक हरकत नाय. तिची ही टोमणे मारायची सवय मला आयुष्यभर बोचली, आणि आता त्याच एका टोमण्यासाठी मी वाट्टेल ते देईन.

अनुजाचा फोन आला. तिला सांगितलं, मजेत आहे. खोटं नव्हतं.

शुक्रवार, १९ डिसेंबर

अमावास्या. सव्वाअकराला दारातच खुर्ची टाकून बसलो होतो. पाणी सहाव्या पायरीवर. आत जाऊन डाळीचा गॅस बारीक केला आणि परत आलो, फार तर दोन मिनिटं. तेवढ्यात पावलं अकराही पायऱ्या चढून व्हरांड्यात आली होती. खुर्चीसमोर येऊन थांबली होती.

उजव्या पावलाला पाच बोटं उमटली होती, डाव्याला चार.

सुभद्रेची डाव्या पायाची करंगळी जन्मापासून वर चढलेली होती. जमिनीला टेकायचीच नाही. लग्नात मंडपातल्या बायका त्यावरून हसल्या होत्या. ओल्या पायांनी मोरीतून आली की चाळीस वर्षं मी लादीवर हेच पाऊल बघत आलो.

डाळ करपली. मला राग आला नाही, भीती वाटली.

शनिवार, २० डिसेंबर

आजचं सगळं क्रमाने, नीट लिहितो.

सकाळी अंबिकाबाईंना पावलं दाखवली. वाळली होती, तरी राखाडी कड राहिली होती, चुलीतल्या राखेसारखी. त्यांनी बोट लावलं आणि हसल्या नाहीत. विचारलं, बायकोला कधी सोडलंत, कोणत्या वेळेला. मी अभिमानाने सांगितलं, की नवरात्रात, षष्ठीला. सहा पाऊणे साडेचार, साडेचारला भरती, म्हणजे साडेदहापर्यंत ओहोटी. अनुजाचं विमान उशिरा आलं, तरी बरोबर दहाला सोडल्या. अर्धा तास हातात होता.

षष्ठी कशावरून, त्यांनी विचारलं. आमच्याकडे सुतक होतं, घट हलवलेला, कॅलेंडर बघायचं भान कुणाला? पण चाळीत समोरच्या खोलीतल्या घटावर त्या दिवशी सहावी माळ चढली होती. मी माळा मोजल्या. सहावी माळ म्हणजे षष्ठी.

अंबिकाबाई खाली बसल्या. म्हणाल्या, "मास्तर, औंदा तृतीया दोन दिवस व्हती. नवरात्र धा दिवसांचं झालं. सहाव्या माळेला पंचमी व्हती."

ट्रंक उपसून कॅलेंडर काढलं. तृतीया, तृतीया. दोन चौकोनांत एकच तिथी. पाच पाऊणे पावणेचार. ओहोटी पावणेदहालाच संपली होती. मी तिला भरतीला सोडली. पाणी आत येत होतं आणि मी त्यात तिला सोडून हात जोडून उभा होतो.

चोवीस वर्षांत एक घंटा चुकली नाही. आणि हे चुकलं.

रविवार, २१ डिसेंबर

दुपारी पाणी चढलं तेव्हा मी दाराला कडी घातली. होय, घातली. बाहेर पायपुसण्यावर पाय पुसल्याचा आवाज आला. दोनदा उजवा, दोनदा डावा, अगदी तिच्यासारखा. मग काही नाही. ती ठोठावत नव्हती. चाळीत मी रागावून दार लावलं की ती अशीच गप्प उभी राहायची.

मी आत तोंडात टॉवेल कोंबून रडलो आणि कडी काढली नाही. एवढा मी भित्रा.

सोमवार, २२ डिसेंबर

दार उघडलं.

ती मशीनजवळ बसली. नेसूचं ओलं, केसांत शेवाळ. चेहरा विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी वाळूत सापडणाऱ्या मूर्तीसारखा, नाक-डोळे झिजलेले. पण मान वाकडी करून बघायची सवय तीच. मी पंचा दिला. तो तिच्या अंगातून खाली पडला, भिजला. मग मी हात पुढे केला, तो मात्र लागला. बर्फ होता नुसता.

ती म्हणाली, "अवो, माका थंडी लागता." एवढंच.

पाणी उतरायला लागलं तशी पाय धरून कुणी ओढावं तशी पायऱ्यांवरून गेली. दिवसातून दोनदा ओढली जाते, दोनदा फेकली जाते. सप्टेंबरपासून. मी इथे उसळ खात होतो.

बुधवार, २४ डिसेंबर

आता समुद्र लहान होत चाललाय. कालपासून ती आली नाही. अंबिकाबाई म्हणतात, उधाणाशिवाय तिचं बळ पोचत नाही. आणि दर उधाणाला ती थोडी कमी होऊन येते. आणखी एक-दोन झाली, की येणारी ती नसेल. थंडी तेवढी येईल, तिला माझी ओळख राहणार नाही.

उपायही त्यांनीच सांगितला. भरतीला सोडलेल्या माणसाला हाताला धरून मोठ्या उधाणाच्या ओहोटीबरोबर चालत न्यायचं, शेवटच्या खडकापर्यंत. टोकाची वेळ झाली की हात सोडायचा. आणि पाणी वळायच्या आत मागे फिरायचं. पुन्हा बघायचं नाही. पौष पौर्णिमेला वर्षातलं मोठं उधाण आहे. ३ जानेवारी.

मी मान डोलावली. पण घरी आल्यावर मनात आलं, न्यायलाच हवं का? अशीच आली, बसली, तर? महिन्यातून चार दिवस तरी.

रविवार, २८ डिसेंबर

भांग. पायऱ्या कोरड्या. सहा दिवस कोरडं पायपुसणं बघत बसलो. अनुजाने विचारलं, आवाज असा का येतोय. म्हटलं, सर्दी. आईबद्दल सांगणार होतो, पण फोन ठेवला. स्वतःच्या उशिरा आलेल्या विमानाला दोष देऊन मोकळी होईल ती, आणि चूक तर माझी आहे.

गुरुवार, १ जानेवारी

आली. आठव्या पायरीवर पाणी असताना.

उजव्या हाताला बोटं दोनच. मशीनकडे गेली नाही. भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. मी हाक मारली, सुभद्रा. वळली नाही. पुन्हा मारली. वळली, पण मला शोधत होती आणि मी समोरच—

सगळ्या भिंतींना ओल आली आहे. गुडघ्याएवढी.

शुक्रवार, २ जानेवारी

आज विचारलं तिने. कोण तुम्ही. मालवणीत नाही. कुठल्याच आवाजात नाही, पाण्याचा आवाज होता तो.

मी म्हटलं, दौलत. तुझा दौलत. डावं पाऊल बघितलं. चार बोटं. अजून आहे ती. थोडी आहे.

उद्या नेणार. ठेवून घ्यायचं म्हणत होतो, ते स्वतःसाठी. तिची थंडी माझ्याच्याने बघवत नाही.

शनिवार, ३ जानेवारी

पौष पौर्णिमा. कॅलेंडर तीनदा बघितलं. अंबिकाबाईंकडून वाचून घेतलं. पंधरा पाऊणे सव्वाअकरा. टोक सव्वापाच.

११.१० – दार सताड उघडं. पाणी नवव्या पायरीवर. आली. हात धरला. सोडणार नाही सव्वापाचपर्यंत.

१.०० – उतरतोय. पाणी एक पायरी मागे, आम्ही एक पायरी पुढे. वही गुडघ्यावर ठेवून उजव्या हाताने लिहितो. डाव्यात ती. डावा हात खांद्यापर्यंत बधिर.

३.३० – वाळू. गर्दी. शनिवार ना. लोकांना एक म्हातारा दिसत असेल, एक हात लांब करून चाललेला. भेळवाल्याने हाक मारली, काका, एकटेच? तिने मान वाकडी केली. भेळवाल्याकडे बघितलं. आठवलं असेल का? तिखट जास्त, कांदा कमी—

४.४० – खडक. माणसं मागे राहिली. तिचा चेहरा नीट दिसतोय. नाक, डोळे. जसजसे आत येतोय तसतशी ती भरत चालली आहे. अगदी लग्नातली. कुणी सांगितलं नव्हतं हे. अंबिकाबाईंनी नाही सांगितलं—

५.०५ – शेवटचा खडक. बसलो दोघं. म्हणाली, अवो, ह्या घराक खिडकी नाय, पण समुद्र बराच दिसता. हसलो मी. चार महिन्यांत पहिल्यांदा. सगळं सांगितलं तिला. माळा मोजल्या ते. तृतीया दोन होत्या ते. म्हणाली, तुमका कधी मोजूक येत होता? तिचा टोमणा. माझा टोमणा—

५.१५ – वेळ झाली. म्हटलं, जा. ओहोटी आहे, खरी आहे, या वेळी चूक नाही. सोड हात.

५.२० – पाणी वळलं. घोट्याला लागतंय. मागून अंबिकाबाई ओरडताहेत, मास्तर, फिरा मागं, फिरा—

थंडी नाही म्हणते आता तिला.

तिने हात सोडला. सांगितल्याबरोबर सोडला. मीच अजून धरून—