खिडकीजवळची जागा

१० जाने. ८२, रविवार
चौथा बोल्टही गंजलेला. रॉकेल ओतून तासभर ठेवलं, मग शब्बीर उस्तादने पान्याला लाथ घातली तेव्हा सुटला. डावीकडचं बाक निघालं. खाली कापसाचे बोळे आणि एका पायातली चप्पल.
उस्ताद म्हणाला, "इंजन धा वर्षं मरत न्हाई, सर. बॉडीचीच बोंब हाय."
लिलावात या सरकारी गाडीवर माझ्याशिवाय कोणी बोली लावली नाही. का, ते तिथे सगळ्यांना माहीत होतं. कुसुमला सांगितलं, डोळ्यांच्या शिबिराची गाडी होती. आत दोन पलंग बसवायचे, मागे स्टोव्ह. सुट्टीत लॉज नको, कुणा पाहुण्याचं दार नको. कु. खूश. पडद्याला कापड आणलं, बारीक फुलांचं.

१२ जाने.
उस्तादबरोबर पेडगावपर्यंत चालवून पाहिली. हॉटेलसमोर थांबलो तर बाकावरचे चौघे चहा तसाच ठेवून मागच्या तुरीत शिरले. हॉटेलवाला म्हणाला, "सहा वर्सं व्हायला आली, तरी पाय पळतेतच."
उस्ताद हसत सुटला. "सर, या गाडीला हॉर्न कशाला लावायचा?"
मीही हसलो. शहात्तर साली हीच गाडी गावोगाव नसबंदीसाठी माणसं गोळा करत फिरायची. मी तिच्यात एकदा बसलो आहे. उस्तादला ते माहीत नाही.

१४ जाने., संक्रांत
किसन आला. शाळेच्या झाडांना रोजंदारीवर पाणी घालायचा. अठ्ठ्याहत्तरला नामांतराच्या जाळपोळीत घर गेलं, तेव्हा बायको-मुलीला घेऊन सासुरवाडीला, येलदरीला गेला. धरणावर कामाला आहे. केस पिकलेत. तिशीचाच असेल.
दारातून म्हणाला, "जय भीम, सर." मी "ये, ये" म्हणालो.
अर्ज लिहून हवा आहे. एकच लेकरू असेल त्याची नळी मोठ्या दवाखान्यात परत जोडून देतायत. त्याला एकच मुलगी. पण तिथल्या साहेबाने जुना कागद काढला. त्यावर तीन मुलं.
"मी म्हणलं, साहेब, मग बाकीची दोन दाखवा की, घिऊन जातो घरी." स्वतःच हसला. "कारकुनानं चुकून लिवलं असंल. तसा अर्ज आण म्हणले. तुमच्या हातानं लिवा, सर. तुमचं अक्षर बघून साहेब उठून उभा ऱ्हाईल."
तिळगूळ दिला. रविवारी ये म्हणालो.
तो फॉर्म मी भरला होता. मुले : तीन.

१५ जाने.
शहात्तरला प्रत्येक मास्तरने नसबंदीला दोन माणसं आणायची, नाहीतर बदली. एक मिळाला होता. दुसरा मिळेना. किसनला म्हणालो, तुला शिपाई म्हणून कायम करून घेतो. एका मुलावर घेत नव्हते, म्हणून तीन लिहिले. त्याने अंगठा दिला. कायम झाला नाही. मीही पुन्हा विचारलं नाही.
त्यालाच का? त्याच्या बाजूने जाब विचारायला कोणी येणार नव्हतं. हे मला तेव्हाच माहीत होतं.

१७ जाने., रविवार
कि. पहिल्या एसटीने आला. म्हणालो, अर्ज टाइप केलेला बरा. रविवारी टाइपवाल्याचं दुकान बंद असतं, हे ठाऊक असून. साहेब दोन्ही कागद शेजारी ठेवील. माझं अक्षर लांबूनही ओळखू येतं.
"व्हय, छापील बरं दिसंल," तो म्हणाला. "तवर गाडीचं काय करायलाव ते बघू."
आत चढला. थांबला. पत्र्यावरून हात फिरवला.
"हीच न्हाई का ती?"
"हीच."
"मी हितं बसलो होतो. तुमी म्हणले, खिडकीजवळ बस किसन, वारा लागंल." मग म्हणाला, "लय मन लावून बोलले होते तुमी."
पलंगाच्या चौकटीला नवार त्यानेच विणली. संध्याकाळपर्यंत. माझी वीण ढिली पडते. जेवायला थांब म्हणालो, थांबला नाही.

२१ जाने.
टाइपवाल्याच्या दुकानावरून दोनदा गेलो. आत गेलो नाही. स्टोव्हसाठी पत्र्याची पेटी करून घेतली.

२४ जाने., रविवार
गाडीवरचा कुटुंब नियोजनाचा लाल त्रिकोण घासायला कि. बसला. उस्ताद म्हणाला होता, लालवर सरळ पांढरा मारला तर लाल वर येतो. पॉलिश पेपर संपले, दोनदा आणले.
कु. चहा घेऊन आली. कि. सहज बोलून गेला, "बाई, याच गाडीतून नेलं होतं मला सरांनी."
तो गेल्यावर कु.ने विचारलं, "डोळ्यांची गाडी ना ही?"
मी घासलेल्या पत्र्यावर फडकं मारलं.
"त्याला एकच मुलगी होती ना तेव्हा?"
"हो."
"मग घेतलं कसं त्याला?"
"कागदावर तीन होती."
"लिहिलं कोणी?"
"कारकुनाने."
तिने पडद्याचं माप पुन्हा घेतलं. सकाळीच घेतलं होतं.

२७ जाने.
कि.चा निरोप. अर्ज द्यायला थोडेच दिवस उरलेत. शनिवारी गाडी घेऊन धरणावरच या. सावली, पाणी सगळं फुकट. अर्ज तिथंच लिहू. टाइप नसला तरी चालंल.

३० जाने., शनिवार. येलदरी
सकाळची शाळा करून निघालो. जिंतूरच्या पुढे रस्ता खराब, पण गाडी तक्रार न करता आली. बाभळीखाली लावली. मुलं पाण्यात. कु. म्हणाली, असं घर असावं, चाकांवर. कि.च्या बायकोने भाकरी आणि मासे पाठवले. कु.ने आधी स्वतःच्या ताटात घेतले, मग मुलांना वाढले.
चारच्या सुमारास कि. आला, समोर मांडी घालून बसला. "लिवा, सर."
लिहिलं. स्वतःच्या हाताने. "चूक कारकुनाची नाही. मुलांची संख्या मी, खाली सही करणारा शिक्षक, खोटी आहे हे माहीत असून लिहिली. अर्जदाराला वाचता येत नाही. त्यास मी फसवले." नाव, शाळा, तारीख.
मग त्याला वाचून दाखवलं. ही चार वाक्यं सोडून.
"झालं?"
"झालं."
"लय लांब वाटायलाय कागद, वाचायला मात्र थोडाच हाय." हसला. घडी करून खिशात ठेवली. माझ्या पायाला हात लावायला वाकला. मी उठलो, स्टोव्हला पंप मारत बसलो.
कु. गाडीच्या दारात उभी होती. तिने ऐकलं. लिहिताना खांद्यावरून वाचलं असेल तर माहीत नाही.

३१ जाने., सकाळ
कि. आठला दूध घेऊन आला. म्हटलं, कागद नीट ठेवलास ना? म्हणाला, "पोरगीपाशी दिलाय. चौथीत हाय. आता कुठलाबी कागद तिनं वाचल्याबिगर मी फुडं देत न्हाई. एकदा झालं ते झालं. अक्षर जोडाचं हाय म्हणती, पर लावून वाचायलीय एकेक." दूध ओतलं, तांब्या घेऊन गेला. त्याचं घर वरच्या अंगाला, पाच मिनिटांवर.
नऊला निघायचं ठरलं होतं. कु.ने पलंग मिटले, भांडी बांधली, मुलं आत बसली. ती काही विचारत नाही. आता अकरा वाजलेत. मी अजून गाडी सुरू केलेली नाही.