शाळेच्या भिंतीवरचे दोन पाकिस्तान

गुरुजी, घाटंजीजवळच्या आपल्या शाळेत तुम्ही भिंतीवर काढलेला नकाशा आता जाणार. तिथे टाइल्स बसवायच्या ठरल्यात. म्हणून हे आजच लिहून टाकते.

चित्रकला मी तुमच्याकडेच शिकले. पुढे त्याच शाळेत शिक्षिका झाले, तेव्हा निवृत्त झालेल्या तुम्हाला मीच गळ घातली, की भारत आणि शेजारचे देश व्हरांड्यात काढून द्या. कपाटातला वाळवी लागलेला जुना नकाशाही मीच दिला, साधा उलगडूनही न बघता. तुम्ही नेहमीसारखे चौकोन आखलेत. चित्र मोठं करताना तुमचा एकच नियम असायचा, "चौकोनात दिसते तेच काढा, डोकं चालवू नोका." त्याच नियमानं आठ दिवस शिडीवर उभं राहून तुम्ही नकाशा उतरवलात आणि बांगलादेशाच्या जागी 'पूर्व पाकिस्तान' लिहून बसलात. सिलोन होतं, ब्रह्मदेशही होता, पण त्यांचं कोणालाच काही वाटलं नाही.

त्या वर्षी कापसाला भाव नव्हता, माणसं आधीच तडकलेली. पालकांच्या सभेत शाळा समितीचे अध्यक्ष सगळ्यांसमोर म्हणाले, "गुरुजी, दोन-दोन पाकिस्तान कायले? एकानं पोट भरत नाही काय तुमचं?" लोक हसले. अख्ख्या गावाची पोरं शिकवलेला माणूस एका वाक्यात फक्त मुसलमान उरला. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मी हजेरीपटात डोकं खुपसलं. "चुकलं भाऊ, उद्या दुरुस्त करून देतो," एवढंच तुम्ही म्हणालात. नकाशा कोणी दिला ते सांगितलं नाहीत.

दुसऱ्या दिवशी तुम्ही ती अक्षरं खरवडताय आणि मी खाली शिडी धरून उभी आहे. "तू काहून तोंड पाडून राह्यली, बाई? देशानं नाव बदललं, मंग भिंतीचं बदलाले काय जाते?" तुम्ही असं म्हणालात आणि मला जास्तच रडू आलं. त्यानंतर तुम्ही शाळेत पाऊल ठेवलं नाही. बाजारात भेटलात की माझ्या मुलांची चौकशी मात्र करायचात.

तुम्ही तर आता राहिला नाहीत. तुमच्या मुलाचा पत्ता आहे माझ्याकडे, पण त्याला हे पाठवणार नाही. बाई घाबरली म्हणून गप्प बसली, असं तो समजतो, आणि त्यानं मला केव्हाच माफ केलंय. मी घाबरले नव्हते, गुरुजी. लोक हसले तेव्हा क्षणभर मलाही वाटून गेलं होतं, तुम्ही मुद्दाम तर लिहिलं नसेल?