पाणपिसवांचे अठ्ठेचाळीस तास

७ जाने. ९१, सोमवार. धुळे
परत तेच. शनिवारी चार पेल्यांत पाच-पाच पाणपिसवा (पाण्यातले मोहरीएवढे जीव) सोडल्या होत्या. आज ४८ ता. पूर्ण. एका पेल्यात पाचही निपचित, शेजारच्या पेल्यात पाचही मजेत उड्या मारताहेत. कीटकनाशकाची पावडर तीच, माप तेच, पाणी तेच. तीन वर्षं झाली.

गाइड सरांनी वही उघडलीच नाही. म्हणाले, "मॅडम, जी वस्तू पाण्यात विरघळतच नाही, ती पाण्यातल्या जिवाला मारणार कशी? मार्चअखेर जळगावला समिती बसतेय. तोवर एक सरळ तक्ता दाखवा. नाहीतर विषय बदला."

विषय बदलायचा म्हणजे पीएच.डी.ची नोंदणी पहिल्यापासून. एकोणचाळिसाव्या वर्षी. शिवाय मार्चनंतर धुळ्यात उन्हाळा. पिसवा उकाड्यानेच जातील, पावडरीची गरजच नाही.

१० जाने., गुरु.
आज नानांनी डोळे उघडले माझे.

नाना कॉलेजच्या प्रयोगशाळेत पंचवीस वर्षं परिचर. पिसवा वाढवायचं काम त्यांचंच. बरण्यांना ते सोडून कोणी हात लावलेला चालत नाही. मी मेलेल्या मोजत होते, नाना मागून भिंगात डोकावले. "मॅडम, ह्या मरेल नहीत. ह्या अडकी ग्यात."

नीट पाहिलं. पाण्यावर पावडरीचा पांढरट तवंग, त्यात पिसवा रुतलेल्या. अंगावर पीठ लागल्यासारखी पावडर. ड्रॉपरने एकेक उचलून स्वच्छ पाण्यात सोडली. पाच मिनिटांत तीन पोहायला लागल्या!

तीन वर्षं मी रुतलेल्या मोजल्या आणि मेलेल्या म्हणून लिहिल्या. रडू यायला हवं होतं, पण हसूच येत होतं. नानाही हसत होते. निदान आता चूक कुठे ते तरी कळलं.

१४ जाने., संक्रांत
वरणगावला गेले नाही. हे तिथे फॅक्टरीत टर्नर, सासूबाईही तिथेच, मी इथे देवपूरला खोली घेऊन. सणाला तरी येशील, असं पत्र होतं. काय उत्तर लिहू?

पावडरीचं पाणी कागदातून गाळून घेतलं. तवंग नाही, कण नाही. वीसच्या वीस पिसवा जिवंत.

सर खूश. "बघा! मी म्हटलंच होतं." पण गाळलेल्या पाण्यात पावडर मुळात होती का? की सगळी कागदातच राहिली? विचारलं तर म्हणाले, "आता फाटे फोडू नका."

शून्य आलं की सगळ्यांना बरं वाटतं. मला नाही.

२७ जाने., रवि. रावेर
माहेरी. आबांच्या मळ्यात सोंडकिड्यासाठी हीच पावडर वापरतात, फवारणीनंतर पंप नाल्यावर धुतात. म्हणून तर हा विषय घेतला होता.

आबांनी गेल्या वर्षी केळीला ठिबक बसवलं. मला हात धरून दाखवायला नेलं, जणू नवी सूनच घरात आली आहे. एका बुंध्याशी उकिडवे बसले. "पाट सोडला का पानी वरून पयते. थेंबानं दिलं का जिरते, अन् खतबी संगं घिऊन जाते."

मी तिथेच थांबले. थेंब पडत होता, माती काळी होत होती.

आबा म्हणाले, "काब्र गप झाली वं?"

काय सांगू त्यांना! मी तीन वर्षं पाण्यात पावडर ओततेय. पावडरीतून पाणी थेंबाथेंबाने सोडायला हवं. पाणी त्याला जेवढं पेलवतं तेवढंच उचलेल. कणभर का होईना, पण खरं विरघळलेलं.

जेवणही नीट झालं नाही. दुपारच्या गाडीने परत. आई चिडली.

२ फेब्रु., शनि.
चार दिवस हेच. पांझरा नदीची वाळू नानांनी आणली, नऊ पाण्यांनी धुतली, भट्टीत तापवली. पावडर ॲसिटोनमध्ये विरघळवून वाळूवर ओतली, ॲसिटोन उडून जाईपर्यंत वाळवली. वाळूच्या प्रत्येक कणावर आता पावडरीचा लेप. ती वाळू लांब काचनळीत भरली. वर सलाइनची बाटली आणि तिची नळी उलटी टांगली, थेंब कमीजास्त करायला तिचीच चावी. मेडिकलवाल्या भाऊंनी विचारलं, "पेशंट कोण?" म्हटलं, वाळू. 

पहिलं लिटर, सुटे कण वाहून जावेत म्हणून, फेकून दिलं. दुसरं काचेच्या बाटलीत धरलं. अंधाऱ्या कपाटात बॅटरीचा झोत टाकून पाहिलं. एक कण नाही. आरपार.

५ फेब्रु., मंगळ.
एसटीने जळगाव. तिथल्या कॉलेजात चौधरी मॅडम रसायनशास्त्र शिकवते, बी.एस्सी.पासूनची मैत्रीण. पाण्यात पावडर किती आहे ते सांगणारं यंत्र तिच्याकडे. काचेची बाटली बसमध्ये फुटेल म्हणून निघताना पाणी प्लास्टिकच्या बाटलीत ओतून नेलं.

यंत्र म्हणालं: शून्य.

तीनदा लावलं. तिन्ही वेळा शून्य. मी स्टुलावर बसून राहिले. सरांचं 'बघा!' कानात.

चौधरी मॅडमने माझ्याकडे न बघता विचारलं, "बाटली कसली गं ही?" मग ती रिकामी केली, आत थोडं ॲसिटोन घालून घुसळलं, ते यंत्राला लावलं. काटा उसळला! पावडर पाणी सोडून प्लास्टिकला जाऊन चिकटली होती. सगळी.

"कुमुद, तुझ्या पाण्यात आहे ती. काचेत आण."

दोघींनी तिथल्या तिथे एकमेकींना टाळी दिली. तिचे विद्यार्थी बघत होते. बघू देत.

८ फेब्रु., शुक्र.
काचेच्या तीन बाटल्या, तीन वेगळ्या दिवसांचं पाणी. धुळे ते जळगाव मांडीवर. कंडक्टर म्हणाला, "बाई, तूप शे का?"

तिन्हींचा आकडा जवळजवळ एकच. पाण्याला जेवढी पेलवते तेवढी भरली आहे, एक कणही जास्त नाही. बारीक आकडा आहे, पण आहे!

सरांना दाखवला. त्यांनी आकडा दोनदा वाचला. "ठीक. आता पिसवा काय म्हणतात ते बघा."

१३ फेब्रु., बुध.
सकाळी ११ ला सोडल्या. नानांनी कालपासून जन्मलेली पिल्लं वेगळी काढून दिली, सगळी चोवीस तासांच्या आतली. साधं पाणी, पूर्ण पाणी (म्हणजे नळीतलं जसंच्या तसं), मग त्यात साधं पाणी मिसळून निम्मं, पाव, अष्टमांश. प्रत्येकाचे चार पेले, पेल्यात पाच. पेले उथळ ट्रेमधल्या पाण्यात, भोवती ओली पोती, खिडकीला ओला पडदा. दुपारी बाहेर कढत ऊन, आत पिसवांचा हिवाळा.

१४ फेब्रु.
चोवीस तासांची मोजणी. पूर्ण पाण्यात बारा थांबल्या. पेला हळूच हलवायचा, पंधरा सेकंद वाट पाहायची, पोहली नाही तर थांबली. तवंग नाही. कोणी रुतलेली नाही. निम्म्यात सहा. साध्या पाण्यात सगळ्या पोहताहेत.

जेवायला गेले नाही. नानांनी त्यांच्या डब्यातली भाकरी दिली, निम्मी.

१५ फेब्रु., शुक्र.
मोजून झालं, पेल्यांसमोरच लिहिते आहे.
पूर्ण: वीसपैकी वीस.
निम्मं: सतरा.
पाव: नऊ.
अष्टमांश: दोन.
साधं पाणी: शून्य.

पायऱ्या! तीन वर्षांत पहिल्यांदा जिन्यासारखे उतरत गेलेले आकडे. नाना पेल्यांसमोर उभे होते. "साधा पानीमा बठ्ठा जित्ता शेतस, मॅडम." त्यांना जिवंत राहिलेल्यांचाच अभिमान. तो बरोबरच आहे. त्या जगल्या नसत्या तर बाकी काहीच सिद्ध झालं नसतं.

विरघळत नाही म्हणतात ती पावडर विरघळते. आणि जेवढी विरघळते तेवढी पुरते.

१६ फेब्रु.
सर: "ॲसिटोन राहिलं असेल वाळूत. त्यानेच मेल्या." राग आला, पण शंका रास्त. दुसरी नळी भरायची: तीच वाळू, तेच ॲसिटोन, फक्त पावडर नाही.

२२ फेब्रु., शुक्र.
नुसत्या ॲसिटोनच्या वाळूतलं पाणी: वीसही जिवंत.  सर म्हणाले, "मोजताना तुम्हाला हवं तसं दिसत नाही ना?" म्हणजे माझे डोळेच खोटे. आजच सगळे पेले पुन्हा लावले. परवा ४८ ता. होतील.

२४ फेब्रु., रवि.
हे वरणगावहून आले, न कळवता. आधी भांडायलाच. सण नाही, पत्र नाही, तू नोकरी करतेस की सासरवर रुसून बसलीस. मी म्हटलं, बोला, पण चालता चालता. अकराला मोजणी आहे.

प्रयोगशाळेत एकदम सुचलं. सगळ्या पेल्यांच्या चिठ्ठ्या काढून फक्त क्रमांक टाकले, क्रम बदलला. ह्यांना म्हटलं, कशात काय आहे ते सांगणार नाही. तुम्ही मोजा.

फॅक्टरीत रोज केसाएवढा फरक पकडणारा माणूस. शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि बसले. एकेक पेला. पंधरा सेकंद घड्याळावर. मी पाठमोरी, आकडे नुसते लिहीत. शेवटच्या पेल्यानंतर म्हणाले, "सातव्यात एकीचे पाय हलताहेत, पण ती पोहत नाही. काय धरायचं?"
"पोहत नसेल तर थांबली."
"मग पाचही थांबल्या."

क्रमांक जुळवले. वीस, सोळा, दहा, दोन, शून्य. नुसत्या ॲसिटोनचंही शून्य.

मी काही बोलायच्या आत त्यांना कळलं. "जमलं ना?" म्हणाले. मग: "ह्याच्यासाठी आली नाहीस होय संक्रांतीला. सांगायचं तरी." चहा प्यायलो. भांडण राहूनच गेलं.

२६ मार्च, मंगळ. जळगाव
समिती. पाच जण, मधोमध बाहेरगावचे एक वयस्कर प्राध्यापक. मी काचनळीच घेऊन गेले होते, वर्तमानपत्रात गुंडाळून. टेबलावर उभी केली. कोणीतरी हसलं.

वयस्कर सरांनी विचारलं, "वाळू कुठली?"
"पांझरेची, सर."
"आणि कल्पना?"
"माझ्या वडिलांच्या केळीच्या बागेतली."

आता कोणी हसलं नाही. पाऊण तास प्रश्न. कण राहिले असतील तर? झोतात पाहिलं. काचेला चिकटली तर? पिसवा सोडायच्या आधी आणि नंतर, दोन्ही वेळा पेल्यातलं पाणी यंत्रावर मोजलं. ॲसिटोन? वेगळी नळी. हात चुकला तर? दुसऱ्याच माणसाकडून न सांगता मोजून घेतलं. कोण माणूस? टर्नर. माझे यजमान.

मग आमचे सर उठले. मला धडकी भरली. म्हणाले, "एक नोंद करून घ्या. हे सगळं मॅडमनी माझ्या मताविरुद्ध केलं आहे. माझं मत चूक होतं."

खाली बसले. पाणी प्यायले.  मला त्यांच्याकडे बघवेना.

वयस्कर सर शेवटी म्हणाले, "काम पक्कं आहे. फक्त एक करा. दुसऱ्या गावात, दुसऱ्या हातांनी एकदा होऊ द्या. मग छापा." चौधरी मॅडम दारातच उभी होती. "माझे हात चालतील का?" आजवर तिने पिसू पाहिलेली नाही!

ऑफिसातून वरणगावला फोन लावला. लागला नाही. तार केली: जिंकलो.

९ एप्रिल, मंगळ.
नाना पिसवा घेऊन जळगावला गेले. थर्मासात गार पाणी, वरचं झाकण उघडं, बाहेरून ओलं फडकं. मी येते म्हटलं तर चौधरी मॅडमने फोनवर दटावलं, "तू यायचं नाहीस. तू आलीस की तुझे हात आले." कृती सगळी लिहून पाठवली, सात पानं. नाना म्हणाले, पिसवा पोचवून संध्याकाळच्या एसटीने परत येतो.

आले नाहीत.

१० एप्रिल
निरोप आला. नाना तिथेच राहिले आहेत, भाच्याकडे. परक्या घरी पिसवांना एकटं सोडवत नाही म्हणे. मोजणीला हात लावत नाहीत, नुसते दाराशी बसतात आणि पोती ओली करतात. आज सकाळी ११ ला तिने सोडल्या. जळगावला पारा एक्केचाळीसवर.

११ एप्रिल, गुरु.
अकराच्या आधीच ऑफिसात जाऊन फोनपाशी बसले. सव्वा अकराला वाजला. आधी नाना. "मॅडम, साधा पानीमा बठ्ठा जित्ता!" एवढं बोलून फोन चौधरी मॅडमला दिला.

चोवीस तास: पूर्ण पाण्यात तेरा. माझ्या बारा होत्या! पाव आणि अष्टमांशही जुळतात. पण निम्म्यात तिच्याकडे दोनच थांबल्या. माझ्याकडे सहा होत्या.

"पुन्हा मोजलंस?"
"तीनदा. दोनच आहेत, कुमुद. मी सहा म्हणणार नाही."
"म्हणूच नकोस."

फोन ठेवला तर सर दारात. त्यांनी ऐकलं होतं. आकडे सांगितले, दोनसकट. ते समोरच्या खुर्चीवर बसले, चष्मा पुसला. "दोन का?" म्हणाले. माहीत नाही म्हटलं. उकाडा, पेला, हात, काहीही असेल. किंवा माझ्याच सहामध्ये काही असेल.

"उद्या अठ्ठेचाळीस तासांना काय येईल?"
"सांगता येत नाही, सर."
"जे येईल ते तसंच लिहायचं. तुमचे आकडे एका बाजूला, त्यांचे दुसऱ्या बाजूला."
"तसंच."

उठताना म्हणाले, "उद्या अकराला मीही येतो इथे." आणि गेले तास घ्यायला.