ओरडू नकोस म्हणालीस, आणि घरी गेलीस

आई, तू मला 'ओरडू नकोस' म्हणालीस त्याला आता इतकी वर्षं झाली, की त्या दिवशी जन्मलेली तुझी नात परवा स्वतः बाळंत झाली. तू गेलीस तेव्हा ती शाळेत जायला लागली होती, म्हणजे तुला जाऊनही एक जमाना झाला. दुपारची वेळ आहे. लेक आणि बाळ आतल्या खोलीत झोपलीत, जावई औषधाच्या दुकानात गेलाय, आणि मी तिच्या स्वयंपाकघरात ओट्यापाशी स्टूल ओढून बसलेय. मला तुझ्याशी भांडायचंय. तू होतीस तेव्हा ते कधी जमलं नाही. तुझ्यापुढे तोंड उघडायची अण्णांचीही टाप नव्हती, तिथं माझी काय कथा.

चामराजपेटेतलं आपल्या गल्लीच्या तोंडाशी असलेलं ते नर्सिंग होम आठवतंय का? खाली वह्या-पुस्तकं बांधणाऱ्याचं दुकान, वर दोन खोल्या, आणि जिन्यात कायम खळीचा वास. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून मी तुझ्याकडे आलेली. सकाळपासून कळा चालू आहेत. मी खाटेचा लोखंडी दांडा धरून पडलेय, आणि एका कळेला माझ्या तोंडून 'आई गं' निघतं, चांगलं खणखणीत. तू पदर खोचून शेजारी उभी. माझ्या कानाशी वाकतेस आणि म्हणतेस, "ओरडू नकोस. ओरडलीस की जोर वाया जातो. आणि बाहेर तुझे सासरे बसलेत." मी तोंड मिटते. पुढची कळ येते, मी दांडा आवळते आणि तुझ्याकडे बघते, शाबासकी मिळेल म्हणून. तू खिडकीबाहेर बघत असतेस. मग माझ्याकडे न वळताच म्हणतेस, "अण्णांना जेवायला वाढायचंय, येतेच मी." आणि जातेस. आलीस ती थेट बाळाला पुसून दुपट्यात गुंडाळल्यावर. नवऱ्याच्या पानात वरणभात वाढायला ही लेकीला कळांमध्ये टाकून गेली, हे मी तेव्हा मनाशी धरलं ते धरलंच.

माझी कीर्ती मात्र झाली. "पोरीनं हूं की चूं केलं नाही हो," असं तू बारशाला सांगितलंस, हळदीकुंकवाला सांगितलंस, शेजारच्या अक्कांना कानडीत सांगितलंस, भाजीवालीलाही सोडलं नाहीस. पुढं मी बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात तपासणीला लागले, तिथं आम्ही स्प्रिंगा ताणून बघायचो. कुठवर सोसते, कुठं वाकते, कुठं तुटते. रोज ते काम करताना मला वाटायचं, लोखंडाचंसुद्धा कुणीतरी आधी विचारतं बाई. आपलं कोण विचारतं? पण हे मी कुणाला बोलले नाही. सोशिक म्हणून एकदा नाव झालं की मग बोलायची चोरी होते.

आता तुझ्या नातीचं ऐक. ही देवनहळ्ळीच्या पलीकडं राहते, पूर्वी द्राक्षाचे मळे होते तिथं आता सगळी घरंच घरं झालीत. माहेरी ये म्हटलं तर म्हणाली, हॉस्पिटल इकडं जवळ आहे, तूच ये. शेवटी मी माहेरच उचलून तिच्या दारी नेलं, डिंक-खारकांसकट. हिनं ठरवलं होतं की बाळंतपण नैसर्गिकच करायचं, दुखणं थांबवायचं इंजेक्शन घ्यायचं नाही. नवरा-बायको दोघं मिळून क्लासला जात होती. श्वास कसा घ्यायचा, त्या मोठ्या चेंडूवर कसं बसायचं, सगळं शिकून आली. मला बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू. पाठीत सुई घेतली की जन्माची पाठदुखी लागते, हे मीच तिच्या कानाशी घोकत होते. तिच्या डॉक्टरीणबाई ऐकून हसल्या. म्हणाल्या, "अम्मा, सुईची जागा थोडे दिवस दुखते, जन्मभर नाही. घेतलं तरी सरी, नाही घेतलं तरी सरी, दोन्ही चालतं. ठरवायचं तिनं."

एका संध्याकाळी ही चहा पिता पिता मला म्हणाली, "आई, दुखायला लागलं की मी काहीही बोलेन. इंजेक्शन द्या म्हणेन, याला शिव्या घालेन. ते कुणी सीरियसली घ्यायचं नाही. आम्ही एक कोडवर्ड ठरवलाय. तो म्हटला, तरच मला खरंच हवंय असं समजायचं."

"कुठला?"

"चिरोटे."

मी हसत सुटले. जावई म्हणाला, "आई, ॲक्चुअली लॉजिक आहे त्यात. चुकून तोंडातून येणार नाही असा वर्ड पाहिजे. लेबरमध्ये चिरोटे कोण म्हणेल?" तुझे चिरोटे हिनं खाल्लेत ते इतक्या लहानपणी, की चव आठवत असेल का कोण जाणे. पण दिवाळीला मी लाटायला बसले की तुझं नाव निघतंच. मग तिनं माझा हात हातात घेतला. "प्रॉमिस कर, मध्येच विरघळणार नाहीस. तुला जमलं ना, मग मलाही जमेल." मी दिलं वचन.

परवा सकाळी तिचं पाणी गेलं आणि आम्ही निघालो. पहिला अर्धा दिवस मजेत गेला म्हण ना. ती चेंडूवर बसून डुलत होती, जावई पाठ चोळत होता, मधून मधून फोनवर कळांमधलं अंतर बघत होता. मग कळा चढल्या. ती ओरडली, "मला नाही जमत, द्या ते इंजेक्शन." जावयानं शिकवल्याप्रमाणं विचारलं, "वर्ड?" तिनं दात खाऊन मान हलवली. असं दोन-तीनदा झालं. आणि मग ती गप्प झाली. एकदम गप्प. डोळे छताला, ओठ दातांखाली. जावई हळूच मला म्हणाला, "बघा आई, ब्रीदिंग सेटल झालंय तिचं." बिचाऱ्याच्या चेहऱ्यावर इतकं कौतुक होतं. मी तिच्या हाताकडं बघत होते. खाटेच्या कठड्यावर तिची मूठ होती, आणि बोटांची पेरं पांढरी पडली होती. आई, तो हात माझा होता गं. मला त्या जिन्यातल्या खळीचा वाससुद्धा आला.

तेवढ्यात डॉक्टरीणबाई आल्या. तपासून म्हणाल्या, बाळाचे ठोके उत्तम आहेत, पण अजून बराच पल्ला आहे. आणि भूल देणारे डॉक्टर आता एका सिझेरियनला आत जाणार. एकदा ते गेले की मग मिळतील तेव्हा मिळतील, कदाचित फार उशीर झालेला असेल. "हवं असेल तर आत्ता सांगा. स्वल्प लवकर." जावई लेकीकडं बघून म्हणाला, "तिनं वर्ड म्हटलेला नाही, डॉक्टर. आम्ही तिच्या प्लॅनप्रमाणंच जाऊ." त्याचं काय चुकत होतं? तिनं सांगितलं तेच तो पाळत होता. मीही वचन दिलेलं. बोलले, आणि उद्या ही म्हणाली, 'आई, तुझ्यामुळं माझं राहून गेलं,' तर? नाही बोलले, तर तो भूलवाला जाईल, आणि ही अशीच दातांखाली ओठ धरून संध्याकाळपर्यंत पडून राहील, आणि पुढं जन्मभर चार बायकांत सोशिक म्हणून मिरवेल. माझ्या तोंडात काय आलं असेल सांगू? "थोडंच राहिलंय, सोस." तू म्हणाली असतीस तसंच, तुझ्याच आवाजात. पहिला शब्द निघालासुद्धा.

मग मी तिच्या कानाशी वाकले, तू वाकली होतीस तशीच. म्हणाले, "ओरड."

तिनं डोळे माझ्याकडं वळवले.

"ओरड गं. बाहेर कुणाचे सासरे बसलेले नाहीत."

"तू तर नव्हती ओरडलीस," ती कशीबशी म्हणाली.

"मला ओरडू दिलं नाही म्हणून. त्यात शौर्य कसलं आलंय? मला भीती वाटत होती, तुझ्या आजीची आणि सगळ्याचीच. तुला नको असेल इंजेक्शन तर नको घेऊस, मी इथंच आहे. हवं असेल तर घे, मी इथंच आहे. पण माझ्यासारखी गप्प पडू नकोस, मला बघवत नाही."

पुढची कळ आली आणि पोरगी अशी ओरडली की बाहेरची नर्स धावत आत आली. कळ ओसरली. तिनं दोन श्वास घेतले आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, "चिरोटे." जावई म्हणाला, "शुअर?" तर ही उसळली, "चिरोटे, चिरोटे, चिरोटे. आता काय ताटात वाढून दाखवू?" नर्सला वाटलं बाईला भूक लागली. ती समजुतीनं म्हणाली, "ईग तिंडी बेडम्मा, आत्ता खायचं नाही, नंतर." आणि जावई, इतका वेळ प्लॅन धरून बसलेला, चप्पल न घालता त्या भूलवाल्या डॉक्टरांना गाठायला बाहेर पळाला. गाठलंही त्यानं. तेवढ्यासाठी त्याला सात खून माफ.

सुई देताना तिला पाठीची कमान करून बसवलं, डोकं माझ्या खांद्यावर. डॉक्टर म्हणाले, हलायचं नाही, कळ आली तरी नाही. आणि कळ आलीच. तिनं माझा पदर मुठीत धरला, माझ्या छातीत पाठदुखीची सगळी ऐकीव भुतं नाचत होती, आणि मी तिच्या केसांत नुसती पुटपुटत होते, काय ते मलाही ठाऊक नाही. ती हलली नाही. मग थोड्या वेळानं पदरावरची मूठ सैल झाली. आणि मग, आई, ती झोपली. शेजारच्या यंत्राच्या पडद्यावर कळ चढताना दिसत होती, चांगली उंच चढत होती, आणि माझी लेक तोंड उघडं टाकून झोपली होती. मी खुर्चीत बसून रडले. जावयाला वाटलं, सुटल्याच्या आनंदानं रडतायत. नव्हतं तसं. मला तिचा हेवा वाटला. पोटच्या पोरीचा हेवा. असं कुणी माझ्या कानाशी वाकून म्हणालं असतं तर, एवढंच मनात येत होतं. संध्याकाळी डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तसा तिनं जोर केला आणि मुलगी झाली. तिनं आल्या आल्या भोकाड पसरलं, आणि कुणीही तिला गप्प केलं नाही.

आता भांडणाचं शेवटचं. तू गेल्यावर तेराव्याला पाहुणे पांगले, तेव्हा अण्णा आपणहून बोलले. म्हणाले, "तू नर्सिंग होममध्ये होतीस ना, त्या दिवशी हिनं मला उपाशी ठेवलं. घरी आली ती सरळ स्वयंपाकघरात. एकेक डबा काढून झाकण बाजूला. कपाटं उघडी, ट्रंका उघड्या, दोरीवरच्या माझ्या पायजम्यांच्या नाड्यासुद्धा सोडल्या. जेवायला वाढ म्हटलं तर म्हणाली, पोरगी मोकळी होईपर्यंत काही झाकायचं नाही, बांधायचं नाही." ती तुझ्या माहेरची रीत, अडलेल्या बाईसाठी घर मोकळं करायचं. मला तेव्हा आठवलं, मी बाळ घेऊन घरी आले त्या दिवशी तू गच्चीत रवा पसरून मुंग्या निवडत होतीस. मी विचारलं, तर वर न बघता म्हणालीस, "झाकण राहिलं." म्हणजे तुलाही माझं दुखणं ऐकवत नव्हतं. माझं तोंड तेवढं मिटवलंस आणि घरातलं बाकी सगळं उघडलंस. अगं, त्यापेक्षा तिथंच थांबून हात धरायचास ना. मुंग्या तरी वाचल्या असत्या.

हे पाठवायचं कुठं? चामराजपेटेतल्या आपल्या घरात आता कोण राहतं तेही मला माहीत नाही. बाळ उठायच्या आत हा कागद मी फाडेन, भांडून झालं की तेवढं पुरे. एकच सांगायचं राहिलं, आणि ते तुझ्याशिवाय कुणाला सांगता येणार नाही. परवा सकाळी ही दोघं बॅग गाडीत ठेवत होती, तेव्हा मी गॅस बंद आहे का बघते म्हणून आत आले. आणि हिच्या ओट्यावरचे, मांडणीतले सगळे डबे उघडले. ते टकटक करून लागणारे प्लास्टिकचेसुद्धा. माझा त्यावर विश्वास नाही, तुला माहीत आहे. हॉस्पिटलमधून परत आलो तर जावई डबा हातात घेऊन उभा, "आई, रव्यात एवढ्या मुंग्या कशा झाल्या?" मी बाळाच्या लंगोटाच्या घड्या घालत होते. वर न बघता म्हणाले, "झाकण राहिलं."